बेरिल हॅचर्ड हद्द चालते

बेरिल हॅचर्डने वाढलेली उकडलेली गाजरे खाल्ली नाहीत असा माणूस विदरबोर्नमध्ये शोधून सापडायचा नाही. गावच्या प्राथमिक शाळेत तिने छत्तीस वर्षे दुपारचे जेवण वाढले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात लांब दांड्याचा डाव, आणि कुणाच्या ताटात गाजर उरलेले दिसले की नुसती एक नजर. त्या पोरांपैकी आज कुणी नगरपालिकेत कारकून आहे, कुणी खाटीक, कुणी दोन काडीमोड घेऊन तिसऱ्यांदा लग्नाला उभा राहिलेला. पण बेरिल समोरून आली की सगळ्यांचे हात आपसूक खिशाबाहेर येतात, आणि साठीचा माणूससुद्धा तिला मिसेस हॅचर्डच म्हणतो.

विदरबोर्न तसे चिमुकले. नकाशावर बोट ठेवले तर बोटाखाली झाकून जाईल. तरी उन्हाळ्यात पाहुणे येतात. बाजारचौकात दगडी खांबांवर उभी छत्री आहे, तिच्याखाली बसून चारशे वर्षे बायकांनी लोणी विकले. चर्चच्या घड्याळाला एकच काटा आहे. मिनिटांचा काटा लावायचे गावाला कधी सुचले नाही, आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेही नाही. नदीकाठी निराधार म्हाताऱ्यांसाठी कुणा दानशूराने बांधलेली नऊ घरांची बुटकी ओळ आहे. आणि दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना शुद्धीवर येईतो कोंडायची एक गोल दगडी कोठडी आहे. तिथे आता संग्रहालय असते. संग्रहालय म्हणजे तीन कपाटे, एक गंजकी बेडी आणि खुर्चीवर बेरिल. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंगळवारी आणि शनिवारी ती तिथे बसते आणि येईल त्याला गावाचा इतिहास सांगते. सांगते कसला, वाढते. आवडो न आवडो, ताट संपवल्याशिवाय उठायचे नाही.

एकदा नगरपालिकेने रंगीत पत्रके छापली. त्यांत लिहिले होते की इंग्लंडची एक राणी आमच्या चौकातल्या खानावळीत एक रात्र मुक्कामाला होती. बेरिलचे म्हणणे असे की राणीची गाडी गावापासून चार मैलांवरून गेली, आणि तीही न थांबता. नगरपालिका म्हणाली, एवढ्याशा थापेने कुणाचे काय बिघडते, उलट पाहुणे वाढतील. आठशे पत्रके बेरिलने घरी नेली, आणि हिवाळाभर शेगडीजवळ बसून प्रत्येक पत्रकातली ती ओळ काळ्या शाईने खोडली. वसंतात पत्रके पुन्हा जागच्या जागी ठेवली. पाहुण्यांना ती खोडलेली ओळच जास्त आवडायला लागली. काय खोडलेय म्हणून विचारत, आणि बेरिल सांगे, राणी.

हा हट्ट तिच्यात आला कुठून, हे म्हाताऱ्या लोकांना ठाऊक आहे. तिचा बाप आर्थर पाईक चर्चच्या आवारात कबरी खणायचा, आणि वर्षातून एक दिवस गावाचा पुढारी असायचा. तो दिवस हद्दीचा. ईस्टरनंतर चाळीस दिवसांनी जो गुरुवार येतो त्या दिवशी विदरबोर्नची माणसे हातात विलो झाडाच्या सोललेल्या काठ्या घेऊन गावाची अख्खी हद्द पायी चालतात. अकरा मैलांत तेवीस खुणा. कुठे दगड, कुठे झाड, कुठे नुसतीच भिंतीतली खाच. प्रत्येक खुणेवर काठी तीनदा हाणायची आणि सगळ्यांनी तीनदा ओरडायचे, हद्द, हद्द, हद्द. नकाशे नव्हते तेव्हापासूनची ही रीत. पूर्वी तर मुलांना पायांना धरून उलटे करत आणि त्यांचे डोके दगडावर टेकवत. जिथे टाळके आपटले ती जागा माणूस जन्मात विसरत नाही.

मुलांना म्हणजे मुलग्यांना. नऊ वर्षांची बेरिल सातव्या दगडापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की माझंही डोकं आपटल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आर्थर पाईकने आधी डोळे वटारले, मग समजूत काढली, मग मागे खोळंबलेल्या दीडशे माणसांकडे पाहिले. शेवटी त्याने पोरीचे दोन्ही पाय धरले. घाईत जरा जोरातच लागले. कपाळावर आलेले टेंगूळ दिसावे म्हणून बेरिल पुढचे दोन आठवडे केस मागे बांधून शाळेत जात होती.

बाप गेला तेव्हा पुढाऱ्याची काठी तिच्याकडे आली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती, लेक लिंडा कडेवर होती, आणि गावातल्या काही मिशाळ मंडळींनी नाक मुरडले. बाईमाणसाने पुढे चालायचे म्हणजे काय? बेरिलने काठी आडवी धरली आणि सांगितले, ज्याला हवी त्याने हातातून घ्यावी. कुणी पुढे आले नाही. त्याला एकोणचाळीस वर्षे झाली. तिचा नवरा रॉन, बस चालवणारा, पाच मैलांच्या वर कधी पायी गेला नाही, पण दरवर्षी बस घेऊन शेवटच्या खुणेपाशी तिला न्यायला उभा असे. तो एप्रिलमध्ये वारला त्या वर्षीसुद्धा मेमध्ये ती चालली. शेवटच्या खुणेपासून घरापर्यंतही चालतच आली, आणि त्या दिवशी वाटेत तिच्याशी बोलायची कुणाची छाती झाली नाही.

आता एवढ्या सगळ्याचा खटाटोप कशाला, असे बाहेरचा माणूस विचारील. तर लांब कुरणासाठी. नदीकाठची ही चाळीस एकर हिरवळ साऱ्या गावाची आहे. पूर्वी तिथे गरिबांच्या गाई चरत. आज तिथे पोरे फुटबॉल खेळतात, कुत्री धावतात, नोव्हेंबरात होळीसारखा जाळ पेटतो, आणि गावातली निम्मी लग्ने तिथल्याच गवतात ठरलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी पाणगिरणीची मालकीण असलेल्या एका विधवा बाईने हे कुरण गावाला दिले, आणि दानपत्रात अट घातली. गावातल्या बारा घरांच्या बारा धन्यांनी, बाया असोत की पुरुष, दरवर्षी त्या गुरुवारी अख्खी हद्द एकत्र चालावी. ज्या वर्षी ती कुठेही तुटेल, त्या वर्षी कुरण परत गिरणीच्या मालकाकडे जाईल. साडेतीनशे वर्षांत ती तुटली नव्हती. युद्धाच्या काळातही पंधरा-वीस म्हातारे काठ्या घेऊन निघालेच होते.

आणि हद्द जाते नेमकी गिरणीच्या घरातून. पुढच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायचे, सतराव्या खुणेवर फळ्यांची जमीन काठीने तीनदा ठोकायची, मागच्या दाराने नदीच्या उतारावर बाहेर पडायचे. जो मालक असेल तो बिअर आणि चीज देई. गिरणी बंद पडून साठ वर्षे होत आली, पण चीज कुणी चुकवले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी गिरणी लंडनच्या पियर्स ॲश्टनने विकत घेतली. माणूस दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. दोन वर्षे घराचे काम चालले होते म्हणून लोक विटांच्या ढिगांमधून वाट काढत गेले. यंदा स्वयंपाकघर नवे कोरे झाले, आणि फेब्रुवारीत ॲश्टनने गावच्या पाद्र्यांना, म्हणजे व्हिकर रेव्हरंड टिमथी लव्हेल यांना, एक नम्र पत्र लिहिले. एवढी माणसे चिखलाच्या बुटांनी घरातून जाणार, तर काही पर्यायी सोय होईल का?

व्हिकरने उत्तर पाठवले. माणूस देवभोळा, कुणाचे मन मोडायचे म्हणजे त्याच्या जिवावर येते. त्याने लिहिले की आपल्या सुंदर स्वयंपाकघराला त्रास द्यायचे आमच्या स्वप्नातही येणार नाही, आपण या गोष्टीचा कृपया विचारसुद्धा मनात आणू नये.

इथे आमच्या लोकांची खोड सांगितली पाहिजे. विदरबोर्नमध्ये कुणी असे म्हणाले की समोरच्याने ताबडतोब म्हणायचे असते, छे छे, त्रास कसला, याच तुम्ही. मग पहिल्याने पुन्हा नाही म्हणायचे, दुसऱ्याने पुन्हा आग्रह करायचा, आणि तिसऱ्या खेपेला दोघांनी मोकळे व्हायचे. दारात वाट सोडण्यापासून शेवटचे बिस्किट उचलण्यापर्यंत सगळा व्यवहार असाच चालतो. व्हिकर आग्रहाच्या पत्राची वाट पाहत बसला. ॲश्टन काही परदेशातून आला नव्हता, त्यालाही ही रीत आईच्या दुधाबरोबर मिळाली होती. पण त्याने पत्र घडी करून वकिलाकडे दिले. हद्दीच्या दहा दिवस आधी वकिलाचे पत्र आले. गावाने घरातून जाण्याचा हक्क आपण होऊन लेखी सोडला आहे, सबब दार बंद राहील. आणि खाली एका ओळीत दानपत्राची आठवण.

टाऊन हॉलमध्ये सभा झाली. जो तो दुसऱ्याची माफी मागत होता. व्हिकर तर इतका खचला होता की त्याला चहा धरवेना. नगरपालिकेचे लोक म्हणाले की गिरणीला वळसा घालून रस्त्याने जाऊ, तीनशे पावलांचा तर फरक, देव भावाचा भुकेला आहे. कुणी म्हणाले, कोर्टात जाऊ, दहा वर्षांत निकाल लागेल. बेरिल उठली. तिने एवढेच विचारले की वळसा घालून चालले तर हद्द अख्खी राहते का. नगरपालिकेचा कारकून नायजेल स्प्रॅट, ज्याच्या सहीने दरवर्षी हद्द चालल्याची नोंद होते, तो पन्नाशीचा गृहस्थ बुटांकडे पाहू लागला. गाजर उरवायचा तेव्हाही असाच बघायचा. शेवटी म्हणाला, नाही राहत, मिसेस हॅचर्ड.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कोठडीत बेरिल जुन्या नोंदवह्या काढून बसली असताना ॲश्टन स्वतः तिला भेटायला आला. सोबत घरी केलेल्या केकचा डबा होता. त्याने टोपी काढली, हवेबद्दल बोलला, बेडी पाहिली. मग म्हणाला की गावाशी वाकडे घ्यायची त्याची मुळीच इच्छा नाही. कुरण त्याच्याकडे आले तरी तो तिथे काय करणार आहे? उन्हाळ्यात चार लग्नांचे मांडव, गाड्या ठेवायला थोडी जागा, बस.

"आणि लोकांनी फिरायला यावंच ना," तो म्हणाला. "मी कशाला कुणाला अडवू? आधी एक फोन केला की झालं."

"कशासाठी फोन?"

"म्हणजे विचारायला. त्या दिवशी काही कार्यक्रम असेल तर."

"असं होय," बेरिल म्हणाली. "माझ्या आज्याला विचारावं लागत नव्हतं, बापाला नव्हतं, मला नाही. आणि माझ्या नातीनं आता फोन करायचा. केक घेऊन जा, मिस्टर ॲश्टन. मला पचायचा नाही."

तो गेला तेव्हा बेरिलला संताप आला होता, आणि भीतीही वाटत होती. ती मेली तर चालेल, पण तिच्या हातून हद्द तुटली असे कुणी म्हटलेले चालणार नव्हते. तिने पुन्हा वही ओढली. त्या कपाटातल्या वह्या तिला पाठ होत्या असे तिला वाटे, पण सगळ्यांत जुनी वही वाचायला फार किचकट म्हणून तिने ती कधी मन लावून वाचली नव्हती. भिंग घेऊन ती अक्षर अक्षर लावत बसली. चार वाजता तिला सापडले. बांधावरच्या आल्डर झाडापासून पाण्याच्या मधोमधून उतारापर्यंत. स्वयंपाकघराचे नावही नव्हते. घर मागाहून प्रवाहावर बांधले गेले होते, आणि पुढच्या एका वहीत लिहिले होते की थंडी फार म्हणून गिरणीवाल्याच्या बायकोने यंदा मंडळींना वरून, घरातून जाऊ दिले. ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. म्हणजे स्वयंपाकघर हा निव्वळ एका बाईचा चांगुलपणा होता. खरी हद्द घराखालून वाहत होती.

तिने नायजेलला बोलावून ते पान दाखवले. त्याने दोनदा वाचले, चष्मा पुसला, आणि कबूल केले की व्हिकरच्या पत्रात पाण्याबद्दल एक शब्दही नाही.

लिंडाला हे कळले तेव्हा तिने सलूनमधली गिऱ्हाईक बाई डोक्याला रंग लावलेल्या अवस्थेत सोडली आणि आईचे घर गाठले. बहात्तर वर्षांचे वय, दीड वर्षापूर्वी बदललेला खुबा, छातीइतके पाणी, आणि घराखाली चाळीस पावलांचा अंधार. डॉक्टर काय म्हणतील? बेरिल म्हणाली की डॉक्टरसुद्धा तिचीच गाजरे खाऊन वाढला आहे. मग लिंडा रडायला लागली तेव्हा बेरिल तिच्याजवळ बसली.

"मला भीती वाटत नाही असं समजू नकोस," ती म्हणाली. "पण दरवर्षी ही काठी हातात धरून मी पुढं मिरवले. आता चिखल आला म्हणून मागं फिरू?"

गुरुवारी सकाळी सत्तर-एक माणसे लोण्याच्या छत्रीखाली जमली. आभाळ स्वच्छ, वारा बोचरा. सोळा खुणा नेहमीसारख्या झाल्या. हद्द, हद्द, हद्द ओरडताना मात्र यंदा कुणाच्या आवाजात जीव नव्हता. बारा वाजता गिरणी आली. फाटकावर सुबक हिरवी पाटी होती. आज खाजगी भोजन असल्याने प्रवेश नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आत मोटारी उभ्या होत्या, आणि उघड्या खिडकीतून हसण्याचे आवाज येत होते.

बेरिल फाटकाला वळसा घालून बांधावर गेली, आल्डरच्या खोडाला काठी टेकवली आणि बुटांसकट पाण्यात उतरली. कुणालाही चला म्हणाली नाही. जेवायला वाढताना हाका मारत बसायची तिला सवय नव्हती. ज्याला यायचे त्याने यावे. मागे लोक एकमेकांना म्हणत होते, तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही.

पाणी इतके गार होते की पहिल्या चार पावलांत तिचा श्वास आखडला. मांड्या, मग कंबर. घराच्या पायाची दगडी कमान डोक्यावर आली तेव्हा पाणी छातीला लागले. तळाचे गोटे शेवाळलेले, एका हाताने भिंत चाचपत जायचे. वाट इतकी अरुंद की मागे वळून पाहता येईना. मग पाठीमागे धपकन आवाज झाला आणि लिंडा ओरडली, आई, तुझ्या पट्ट्याला धरलंय मी, आता तू बुडालीस तर मीही बुडणार, लक्षात ठेव. तिच्यामागे केन टकर खाटकाच्या शिव्या ऐकू आल्या. त्याच्यामागे पोस्टातली ग्लेनिस, देवाचे नाव घेत. बेरिल आवाज ओळखत गेली. पोरे तक्रार करू लागली की कोण आहे ते न बघता कळायचे, तशी छत्तीस वर्षांची सवय.

मध्यावर अचानक उजेड आला. तिला वाटले कमान संपली. वर पाहिले तर घराची जमीनच काचेची होती. ॲश्टनने स्वयंपाकघराच्या मधोमध जाड काच बसवली होती, पाहुण्यांनी खालचे वाहते पाणी बघत जेवावे म्हणून. काचेवर बुटांचे तळवे दिसत होते. सतरावी खूण इथेच. फळ्या होत्या तिथे काच. बेरिलने काठीने पाण्यातला दगड शोधला आणि तीनदा ठोकला. हद्द. मागच्यांनी साथ दिली. वर कुणाला ऐकू गेले नसावे, कारण तळवे हलले नाहीत.

उताराशी ती बाहेर पडली तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते आणि नवा खुबा ठणकत होता. एकेक जण कमानीतून बाहेर येत गेला. नायजेल नोंदवही छातीशी धरून काठावर उभा होता. हद्दीच्या साक्षीदाराला मोजणीत धरत नाहीत. त्याने माणसे मोजली, पुन्हा मोजली. मग इतक्या हळू आवाजात बोलला की बेरिलला दुसऱ्यांदा विचारावे लागले.

"अकरा," नायजेल म्हणाला. "आणि दानपत्रात एकत्र म्हटलंय, मिसेस हॅचर्ड. एक जण आता मागून जाऊन चालणार नाही."

काठावर पाहुणे होते, कडेवर पोरे घेतलेल्या बाया होत्या, काठीच्या आधाराने आलेले म्हातारे होते. आणि ज्यांना येता आले असते, पण प्रत्येकाला वाटले होते की आपल्यावाचून बारा होतीलच, असेही दहा-पंधरा होते. पुढे घुसणे बरे दिसत नाही म्हणून ते मागे राहिले होते. आता त्यांना एकमेकांकडे पाहवेना. सगळ्यांच्या पुढे व्हिकर उभा होता, हातात चर्चचा क्रूस, अंगात नवा काळा डगला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बेरिलने कुणालाच दूषण दिले नाही. केसांतले पाणी निपटले आणि ती पुन्हा बांधाकडे चालू लागली. लिंडाने तिला आडवे होऊन थांबवू पाहिले. आई, बस झालं, मरशील. बेरिलने तिच्या गालावर ओला हात ठेवला आणि तिला बाजूला केले. मग व्हिकरपाशी थांबली.

"मिसेस हॅचर्ड," व्हिकर म्हणाला, "माझ्याच पत्रामुळं... मी आलो असतो आनंदानं. म्हणजे, तुम्हाला काही अडचण होणार नसेल तर."

"होणार आहे," बेरिल म्हणाली. "या."

त्याने क्रूस ग्लेनिसच्या नातवाकडे दिला. डगला काढायचे त्याच्या लक्षात राहिले नाही, तसाच पाण्यात उतरला, आणि थंडीने त्याच्या तोंडून जे निघाले ते चर्चमध्ये कधी ऐकलेले नव्हते. भिजलेले दहा जण त्याच्यामागे पुन्हा उतरले, कुणीही कुणाला आधी तुम्ही म्हटले नाही. त्यांच्यामागे ते दहा-पंधराही उतरले. कमान माणसांनी भरून गेली. बेरिलला पाय जाणवत नव्हते. लिंडा पाठीमागून पट्टा ओढून तिला उभी धरत होती आणि मोठमोठ्याने रडत होती. बेरिल रडत नव्हती. आता जे पोटात पेटले होते त्यावर ती चालत होती.

या खेपेस वर कुणीतरी खाली पाहिले असावे. काचेभोवती चेहऱ्यांचे कडे जमले होते, हातांत लांब देठांचे पेले. मधोमध, काचेवरच, पियर्स ॲश्टन उभा होता. त्याला खाली आधी पाण्यात पांढरे डोके दिसले असेल, मग दुसरे, मग व्हिकरचे. बेरिल त्याच्या पायांच्या बरोबर खाली थांबली. पाण्यातला दगड तिने या वेळी शोधला नाही. काठीचे जाड टोक उलटे केले, हात वर उचलला आणि त्याच्या दोन बुटांच्या मध्ये काचेवर खालून ठोकले. एकदा. दोनदा. तीनदा.

हद्द, ती ओरडली, आणि मागच्या अंधारातून पंचवीस गळ्यांनी तो शब्द उचलला. बंद कमानीत तो इतका मोठा झाला की वरचे पेले थरथरले असतील. ॲश्टनचे ओठ हलले. सवयीने माफी मागत असावा. काठी अजून काचेला टेकलेली होती आणि बेरिल मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत होती, ताटात गाजर उरवणाऱ्याकडे पाहावे तशी.

तो एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक, काच संपेपर्यंत. बेरिलने काठी खाली घेतली आणि ती पुढे निघाली. अजून सहा खुणा बाकी होत्या.